कारची किल्ली इग्निशनमध्ये फिरत नसेल तर: काय करावे आणि कोणत्या क्रमाने

इग्निशनमध्ये किल्ली पूर्ण आत जाते पण फिरत नाही, अशा वेळी बहुतेक जण आधी जोर लावतात, मग घरातले खोबरेल तेल किंवा डब्यातला स्प्रे आत सोडतात आणि शेवटी पक्कड हातात घेतात. हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा आहे. अर्ध्या मिनिटात होणारी आणि एक पैसाही न लागणारी तपासणी त्यात राहून जाते, आणि किल्ली आत मोडली की किल्लीवाल्याकडे थोडक्यात मिटले असते ते काम संपूर्ण लॉक सेट, म्हणजे इग्निशन आणि दारांची सर्व कुलपे, बदलण्यापर्यंत जाते. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, आणि जिथे किल्ली फिरेल तिथे थांबून थेट शेवटच्या तपासणीकडे जावे.

हा लेख किल्ली घालून फिरवण्याच्या गाड्यांपुरता आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत स्टीअरिंगचे कुलूप बहुधा विजेवर चालते आणि त्याचे निदान वेगळे असते.

कामाआधीची तयारी

गाडी कुठे उभी आहे, हे आधी पाहावे. निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला हा प्रसंग आला तर किल्लीकडे वळण्यापूर्वी धोक्याचे दिवे लावावेत, कारण ते बहुतेक गाड्यांत किल्ली न फिरवताही लागतात. मागे पुरेशा अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा आणि सोबतच्या माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. हँडब्रेक ओढलेला असावा, आणि गाडी उतारावर असेल तर चाकाखाली दगड लावल्याशिवाय पुढचे काही करू नये.

त्यानंतर किल्ली जुडग्यातून सोडवून एकटी हातात घ्यावी. घराची, तिजोरीची, मोटारसायकलची आणि गोदामाची किल्ली एकाच कडीत लटकत असेल तर बोटांना इग्निशनचा खरा अडथळा जाणवत नाही.

घरी किंवा गॅरेजमध्ये असाल तर एवढे सामान पुरे: गाडीबरोबर मिळालेली दुसरी मूळ किल्ली, बारीक टॉर्च, जुना मऊ टूथब्रश, कोरडे सुती फडके, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि ग्रॅफाइटची पूड. पूड नसल्यास चित्रकलेची ४बी किंवा ६बी पेन्सिल चालते.

पायरी १: किल्ली नेमकी कुठे अडते, ते ठरवा

"किल्ली फिरत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात, आणि मेस्त्रीला फोन करतानाही नेमकी जागा सांगितली तर त्याचे काम सोपे होते. इग्निशनवर साधारणपणे लॉक, एसीसी (रेडिओसारखी उपकरणे चालण्यापुरती जागा), ऑन आणि स्टार्ट अशा चार जागा असतात.

किल्ली पूर्ण आतच जात नसेल तर आत काहीतरी अडकले आहे, किल्ली वाकली आहे किंवा ती दुसऱ्याच गाडीची आहे. एकाच घरात एकाच कंपनीच्या दोन गाड्या असल्या की शेवटची शक्यता वाटते तेवढी हास्यास्पद राहत नाही. किल्ली पूर्ण आत जाते पण लॉकमधून हलतच नाही, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. पायरी २ ते ६ मुख्यतः त्यासाठीच आहेत.

किल्ली ऑनपर्यंत येते, इंजिन एकदा सुरू होऊन बंद पडते आणि मग स्टार्टकडे जाताच अडते, असे काही गाड्यांत मुद्दाम ठेवलेले असते. चालू इंजिनवर पुन्हा स्टार्टर लागू नये म्हणून किल्ली पूर्ण मागे आणल्याशिवाय दुसऱ्यांदा पुढे जात नाही. मागे आणून परत फिरवावी. बिघाड काहीच नसतो.

किल्ली सहज स्टार्टपर्यंत फिरते पण इंजिन गप्प राहते, तेव्हा कुलपाला हात लावू नये. दोष बॅटरीत, स्टार्टरमध्ये, कुलपामागच्या विजेच्या स्विचमध्ये किंवा इमोबिलायझरमध्ये, म्हणजे किल्लीतली चिप ओळखून मगच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या यंत्रणेत, शोधावा लागतो.

*तपासा:* किल्लीच्या डोक्यातील चिप ओळखली गेली नाही तर इंजिन सुरू होत नाही, पण किल्ली फिरते. न फिरणाऱ्या किल्लीसाठी कोणी इमोबिलायझर बदलायला सांगत असेल तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढावी.

पायरी २: स्टीअरिंगवरचा ताण काढा

किल्ली लॉकवर आणून काढली की स्प्रिंगने ढकललेली एक पोलादी खिट्टी स्टीअरिंगच्या दांड्यातील खाचेत शिरायला तयार होते, आणि चाक थोडे फिरले की आत बसते. गाडी उभी असताना पुढचे टायर गटारीच्या कठड्याला टेकले असतील, एखादा टायर दगडावर चढला असेल किंवा चाके पूर्ण वळवून गाडी उतारावर लावली असेल, तर टायरचा पीळ स्टीअरिंगच्या दांड्यापर्यंत पोहोचतो आणि ती खिट्टी खाचेच्या एका कडेवर घट्ट दाबली जाते. किल्लीने ती मागे ओढायची असते. पण ती दाबाखाली असताना किल्लीच्या पातळ पात्याला ते जमत नाही. शहापूर किंवा खडेबाजाराच्या गल्ल्यांत कशीबशी बसवलेली गाडी, आणि रविवारी राजहंसगडाच्या चढावर लावलेली गाडी, या दोन्हींत किल्ली अडली तर पहिला संशय इथेच घ्यावा.

हे सोडवण्याची रीत अशी आहे.

१. डाव्या हाताने स्टीअरिंग धरून ते आधी डावीकडे आणि मग उजवीकडे हलके दाबून पाहावे. एका बाजूला ते लगेच कडक लागते, दुसऱ्या बाजूला किंचित सरकते.

२. ज्या बाजूला सरकते त्या बाजूला हात स्थिर दाबून ठेवावा. झटके देऊ नयेत.

३. दाब कायम ठेवूनच उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने किल्ली हलकेच फिरवावी. दोन बोटांत जेवढा जोर आहे तेवढाच लावावा.

४. किल्ली सुटली नाही तर तिच्यावरचा बोटांचा हलका ताण तसाच ठेवून स्टीअरिंग अगदी सावकाश दोन्ही बाजूंना हलवावे. मध्ये कुठेतरी दोन्ही कडांवरचा दाब क्षणभर सुटतो आणि त्याच क्षणी किल्ली फिरते.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे हे दोन हातांचे काम एकापाठोपाठ एक करणे. आधी स्टीअरिंग हलवून सोडून दिले आणि मग किल्ली फिरवली, तर टायरचा पीळ खिट्टीला पुन्हा जिथल्या तिथे दाबतो आणि "हे करून पाहिले, उपयोग झाला नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी चूक म्हणजे स्टीअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळून जोर देणे. त्याने कुलूप सुटत नाही, त्याची खिट्टी किंवा खाच मात्र खराब होऊ शकते.

ताण फारच असेल तर टायरसमोरचा दगड काढून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन दोघांनी वीतभर मागेपुढे ढकलावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. हे फक्त सपाट जागेवर करावे, आणि एक माणूस हँडब्रेकवर हात ठेवून आत बसलेला असावा, कारण इंजिन बंद असताना पायाचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो.

*सावधान:* स्टीअरिंग कुलूपबंद असताना गाडी दोरीने ओढू नये. पुढची चाके वळत नाहीत आणि गाडी पहिल्याच वळणावर सरळ शेतात जाते. अशी गाडी पुढची चाके उचलून किंवा पूर्ण ट्रकवर चढवूनच न्यावी.

पायरी ३: गिअर पाहा

ऑटोमॅटिक गाडीत गिअर 'पी'वर (पार्कवर) नसेल तर किल्ली लॉकपर्यंत मागे येत नाही आणि बाहेरही निघत नाही. ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकदा मागे घेऊन परत पूर्ण 'पी'मध्ये बसवावा. तो केसभर अलीकडे राहिला तरी अडते. बॅटरी पूर्ण उतरल्यानेही काही ऑटोमॅटिक गाड्यांत किल्ली आत अडकून राहते. साध्या गिअरच्या अनेक गाड्यांत एसीसीवरून लॉककडे आणताना किल्ली आत दाबावी लागते, आणि उसनी घेतलेली गाडी चालवणाऱ्याला हे माहीत नसते.

पायरी ४: किल्ली तपासा

स्टीअरिंग मोकळे असूनही किल्ली अडत असेल तर आता किल्लीकडे वळावे. कुलपाच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागात, पितळेच्या पातळ पत्त्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला स्प्रिंग असते. किल्लीच्या खाचांची उंची बरोबर असेल तरच सर्व पत्त्या एका रेषेत येतात. एक जरी वर किंवा खाली राहिली तरी सिलिंडर फिरत नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या किल्लीच्या कडा झिजून गोल होतात आणि मग ती एखाद्या दिवशी फिरते, एखाद्या दिवशी फिरत नाही.

दुसरी मूळ किल्ली घालून पाहणे ही सर्वांत खात्रीची चाचणी आहे. ती सहज फिरली तर कुलूप चांगले आहे आणि काम फक्त किल्लीचे आहे. दुसरी किल्ली जवळ नसेल तर रोजची किल्ली पूर्ण आत घालून केसभर बाहेर ओढावी आणि त्या जागी फिरवून पाहावी. अशी फिरली तर ती झिजली आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. तेवढ्यावर घर गाठता येते, पण त्या युक्तीवर महिनोन्महिने गाडी चालवू नये.

तीच किल्ली ड्रायव्हरच्या दारातही घालून पाहावी. दार सहज उघडते आणि इग्निशन अडते, तर दोष इग्निशनकडे झुकतो. मात्र रिमोटची सवय असलेल्या गाडीत दाराचे कुलूप कधी फिरवलेलेच नसते आणि ते स्वतःच आखडलेले असते, त्यामुळे तिथे दोन्हीकडे अडले म्हणून लगेच किल्लीला दोष देऊ नये.

घडीची किल्ली असेल तर पाते पूर्ण उघडून खुटीवर घट्ट बसते का, ते पाहावे. पाते खिळखिळे झाले असेल तर हातातले डोके फिरते आणि पाते मागे राहते.

वाकलेली किल्ली काचेवर ठेवली की लगेच दिसते. ती ऐरणीवर ठोकून सरळ करण्याचा मोह टाळावा. एकदा वाकलेला धातू सरळ करताना तिथेच कमकुवत होतो आणि पुढच्या वेळी नेमका कुलपात मोडतो. अशा किल्लीचा उपयोग फक्त नमुना म्हणून करावा.

पायरी ५: कुलपातली घाण बाहेर काढा

आपल्याकडे या पायरीला जरा जास्त वेळ द्यावा लागतो. खानापूर तालुक्यातली तांबडी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तीच माती किल्लीला चिकटून ओलीच आत जाते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या खिशात लोखंडाचा बारीक कीस असतो. निपाणीकडे तंबाखूची भुकटी असते, आणि ज्या खिशात तंबाखूची पुडी व चुन्याची डबी असते त्याच खिशात किल्लीही असते. चुना आणि ओल एकत्र आली की खाचांत कठीण थर बसतो. गुऱ्हाळावरून आलेल्या चिकट हातांचे तर बोलायलाच नको.

१. आधी किल्ली स्वच्छ करावी. कोरड्या टूथब्रशने खाचा घासाव्यात. चिकट थर असेल तर फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन पुसावे आणि किल्ली पूर्ण वाळू द्यावी. रिमोट असलेली किल्ली पाण्यात बुडवू नये.

२. टॉर्चने कुलपाच्या तोंडात पाहावे. जुन्या किल्लीचा तुकडा, नाण्याचा ओरखडा किंवा लहान मुलाने घातलेली काडी दिसल्यास पुढे जाऊ नये. थेट पायरी ७ वाचावी.

३. रबरी ब्लोअर तिरका धरून थोडे थोडे फुंकावे, म्हणजे धूळ बाहेर येते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी लावू नये. तिचा दाब घाण आणखी आत ढकलतो, आणि पावसाळ्यात त्या हवेबरोबर पाणीही येते.

४. स्वच्छ किल्ली न फिरवता आठ-दहा वेळा आतबाहेर करावी आणि प्रत्येक वेळी पुसावी. फडक्यावर काळे किंवा तांबडे येणे थांबेपर्यंत हे करत राहावे.

*तपासा:* प्रत्येक वेळी किल्ली तेवढीच खोल जाते का? आधीपेक्षा कमी जात असेल तर आतली पत्ती अडकली आहे. जोराने ढकलू नये.

पायरी ६: कोरडे वंगण, आणि तेही थोडे

पेन्सिलचे टोक किल्लीच्या दोन्ही बाजूंवर आणि खाचांत भरपूर घासावे, किल्ली आतबाहेर करावी आणि हे दोन-तीनदा करून मग फिरवून पाहावे. ग्रॅफाइटची पूड वापरत असाल तर चिमूटभर पुरते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि इग्निशनच्या मागच्या टोकाला विजेचा स्विच असतो, म्हणून बाटली उपडी करण्याचे कारण नाही. ग्रॅफाइटऐवजी टेफ्लॉनचा सुकणारा स्प्रे चालतो. तोही एक छोटा फवारा, आणि सुकल्यावरच किल्ली फिरवावी.

खोबरेल तेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचे तेल आणि ग्रीस यांपैकी काहीही आत सोडू नये. त्या दिवशी किल्ली झकास फिरते, हे खरे आहे, आणि त्यामुळेच हा उपाय गावोगावी पसरला आहे. पण तेल धूळ धरून ठेवते, खोबरेल थंडीत गोठते, आणि काही महिन्यांत आत असा चिखल होतो की पत्त्यांच्या नाजूक स्प्रिंगना त्या उचलता येत नाहीत. तेल आधीच गेले असेल तर त्यावर ग्रॅफाइट टाकू नये, कारण दोन्हींचा काळा लगदा होतो; मग कुलूप काढून धुवून घेणे हाच मार्ग राहतो. गंज सोडवणारा नेहमीचा स्प्रे अडलेली पत्ती मोकळी करू शकतो, पण कायमचे वंगण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

वंगणानंतरही अडत असेल तर किल्ली आत ठेवून कुलपाच्या तोंडाच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलके टकटक करावे आणि त्याच वेळी किल्लीवर बोटांचा हलका ताण द्यावा. चिकटलेली पत्ती कंपनाने जागेवर येऊ शकते. किल्लीच्या डोक्यावर ठोकू नये. चिप तिथेच असते. स्टीअरिंगच्या दांड्यावर हातोडी मारू नये, कारण एअरबॅग त्याच भागात असते.

परदेशी व्हिडिओंत किल्ली लायटरने तापवायला सांगतात. तो कुलपात बर्फ गोठण्याच्या मुलखातला उपाय आहे. इथे त्याने चिप आणि रिमोट जाण्यापलीकडे काही होणार नाही.

पायरी ७: इथे थांबा

इथवर येऊनही किल्ली फिरली नाही, तर पत्ती तुटली आहे, सिलिंडर झिजला आहे किंवा स्टीअरिंगची खिट्टी अडकली आहे. सिलिंडर काढण्यासाठी बहुतेक गाड्यांत किल्ली एसीसीपर्यंत फिरलेली असावी लागते; ती फिरतच नसेल तर ड्रिल लावावे लागते. पूर्ण जोडणी ज्या बोल्टांनी बसवलेली असते त्यांची डोकी चोरी टाळण्यासाठी बसवतानाच मोडून टाकलेली असतात. हे घरी करण्याचे काम नाही.

किल्ली आत मोडली असेल तर उरलेला भाग घालून तुकडा ढकलू नये आणि फेविक्विक लावून तो चिकटवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो पदार्थ पत्त्यांना कायमचा चिकटवतो. तुकड्याचे टोक बाहेर दिसत असेल तरच बारीक चिमट्याने सरळ ओढावे. मोडलेले डोके जपून ठेवावे. चिप त्यात आहे.

पायरी ८: किल्लीवाला, सर्व्हिस सेंटर आणि कागद

झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली तर झीजही तशीच उतरते, आणि डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढली तर ती वाढते. न वापरलेली मूळ किल्ली नमुना म्हणून द्यावी, किंवा गाडी घेताना किल्लीबरोबर मिळालेल्या छोट्या पट्टीवरचा क्रमांक देऊन सर्व्हिस सेंटरकडून मूळ मापाची किल्ली करून घ्यावी. ही पट्टी घरात ठेवावी. गाडीच्या कप्प्यात ती चोराच्याच उपयोगाची.

चिप असलेल्या गाडीसाठी बाजारात नुसते पाते कापून घेतले तर किल्ली फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही. नवी किल्ली गाडीला ओळखवून घेताना घरातल्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली किल्ली यादीतून पुसली जाते. आरसी आणि मालकाचे ओळखपत्र सोबत ठेवावे. सीमाभागात गाडी एमएच ०९ ची, मालक कोल्हापूरचा नातेवाईक आणि चालवणारा बेळगावात, हे नेहमीचेच आहे. अशा वेळी मालकाचे सहीचे पत्र आधीच मागवून घ्यावे, म्हणजे हेलपाटा वाचतो. किल्ली हरवली असेल तर पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवावी.

खर्च विचारताना एक प्रश्न स्पष्ट विचारावा: फक्त सिलिंडर बदलणार की पूर्ण लॉक सेट? फक्त इग्निशन बदलले तर दाराला एक आणि इग्निशनला दुसरी अशा दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतात. जुन्या किल्लीप्रमाणे नव्या सिलिंडरच्या पत्त्या लावून देणारा किल्लीवाला मिळाला तर तो मार्ग सर्वांत चांगला.

दुरुस्तीनंतरची तपासणी

इंजिन लगेच बंद करू नये, पण गाडी घेऊन लांबही जाऊ नये. मोकळ्या सपाट जागेवर इंजिन बंद करून किल्ली चारही जागांवर पुढे-मागे फिरवून पाहावी. स्टार्टवरून सोडल्यावर ती आपोआप ऑनवर परत आली पाहिजे. तिथेच राहिली तर स्टार्टर सतत फिरून जळू शकतो. किल्ली काढून स्टीअरिंग कुलूपबंद होते का आणि पुन्हा सुटते का, हे तीन-चार वेळा पाहावे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून किल्ली बोटाने हलकी हलवावी. दिवे लुकलुकले किंवा इंजिन अडखळले तर मागचा स्विच सैल आहे आणि त्या गाडीने घाटात जाऊ नये.

किल्लीला जड जुडगा लटकवणे त्या दिवसापासून बंद करावे. गाडी खड्ड्यातून जाताना तो वजनाने झोके घेतो आणि सिलिंडर झिजवतो. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ज्या इग्निशन स्विचच्या दोषामुळे लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यात जुडग्याच्या वजनाने किल्ली चालत्या गाडीत ऑनवरून सरकण्याचा धोका होता. चोर्ला घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: इंजिन बंद झाले की स्टीअरिंग जड होते, ब्रेकची मदत जाते, आणि किल्ली चुकून लॉकवर जाऊन निघाली तर वळणावर स्टीअरिंगच अडते.

गाडी लावताना चाके शक्यतो सरळ ठेवावीत. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर मात्र ती कठड्याकडे वळवून लावणेच सुरक्षित असते. तिथे आधी हँडब्रेक ओढावा, ब्रेकवरचा पाय सावकाश सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्यावे, आणि मगच किल्ली काढावी.